चोख रक्ताचं घर

बेर्मेओ बंदराच्या धक्क्यावर जाळी शिवणाऱ्या बायकांत लिबे वयानं सगळ्यांत लहान आणि बोलण्यातही सगळ्यांच्या मागे. बाकीच्यांच्या हातातल्या सुया जितक्या भराभर चालत, त्याच्या दुप्पट वेगानं त्यांच्या जिभा चालत. कुणाचा नवरा कुठल्या बंदरात पिऊन पडला, कुणाच्या सुनेनं कुपा माशाच्या रश्शात मीठ ओतलं, सगळं जाळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत तिखटमीठ लागून दुप्पट झालेलं असे. अनवाणी पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून, ते ताणून धरून लिबे मुकाट्यानं शिवत राहायची. "या पोरीचं तोंडपण शिवलंय का गं कुणी?" असं रुफिना दिवसातून एकदा तरी विचारायची. रुफिनाचा आवाज धक्क्यापासून चर्चच्या पायरीपर्यंत जात असे. तिच्या शेजारी बसायची पानचिके, पन्नाशीला टेकलेली, बिनलग्नाची. लिबे आणि पानचिके या दोघी रुफिनाच्या रोजच्या टोमण्यांची गिऱ्हाईकं.

या सगळ्या बायकांवर होशेपाची सत्ता. कोणतं जाळं कुणी घ्यायचं आणि कुणाचं काम उसवून पुन्हा करायला लावायचं, हे होशेपा ठरवी. ही होशेपा म्हणजे लिबेची सासू. दिवसभर धक्क्यावर सासूच्या नजरेखाली बसायचं आणि संध्याकाळी चढावरच्या घरी तिच्याच मागून चालत जायचं, असं लिबेचं आयुष्य होतं. नवरा चोमिन कॉड मासे धरणाऱ्या बोटीवर होता. वर्षातले निम्म्याहून जास्त महिने तो समुद्रापारच्या तेरानोव्हाच्या थंडगार पाण्यात असायचा.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या वसंतात लिबेला दिवस गेल्याचं उघड झालं, आणि होशेपाचं नाक आधीच वर असायचं ते आणखी वर गेलं. सुनेला घेऊन ती डॉक्टर उर्किदींकडे गेली. दवाखान्यातल्या दोन खुर्च्यांपैकी बरी खुर्ची तिनं स्वतः घेतली आणि डॉक्टरांनी सुनेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच दिलं.

"रक्त निगेटिव्ह आलंय हिचं," डॉक्टर म्हणाले.

"येणारच! मी पारखून आणलीय," होशेपा म्हणाली. जणू सून नव्हे, बाजारातून कॉड आणला होता.

तिच्या या आनंदाला हसण्यात अर्थ नाही. त्या काळात शाळेत सरकारी भाषा सोडून आपली डोंगरी भाषा बोललं तर पोरांच्या हातावर छडी बसे. घरात हाक मारायचं नाव एक, सरकारी कागदावर दुसरंच. आपलं म्हणून उघड मिरवावं असं फार थोडं उरलं होतं. जगात हे निगेटिव्ह रक्त आपल्या डोंगरांत सर्वांत जास्त सापडतं, म्हणजे आपण इथले मूळचे, असं कुणीतरी शिकलेल्या माणसानं सांगितलं, आणि लोकांनी ते छातीशी धरलं. भाषा दडपता येते, रक्त कोण काढून घेणार? होशेपा तर त्या रक्ताबद्दल असं बोलायची, की ते तिनं स्वतःच्या हातांनी विणलं असावं.

"आणि चोमिनचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं, डॉक्टर? माझं निगेटिव्ह. त्याचा बाप बालेन्दिन याच डोंगरातला, त्याचा बापही याच डोंगरातला. चोख रक्ताचं घर आहे आमचं."

"तपासलं होतं?"

"लोकांची रक्तं तपासत फिरणारी ती मंडळी गावात आली तेव्हा बालेन्दिन समुद्रावर होता, नि पुढच्याच वर्षी समुद्रानं त्याला ठेवून घेतलं. पण तुम्ही त्याला पाहिलं होतंत. ते नाक, ते कान! तो काय कास्तीयेचा, बाहेरचा होता?"

डॉक्टर उर्किदी मोठ्यांदा हसले. तेही याच मुलखातले होते आणि स्वतःच्या नाकाचा त्यांनाही अभिमान होता. माणूस चांगला होता, पण त्या हसण्यात चोमिनचं रक्त तपासून घ्यायचं राहून गेलं. "दोघं एकाच रक्ताची, मग भांडायचं कुणी कुणाशी! बरं, हे पहिलंच ना?"

"पहिलंच," होशेपा म्हणाली.

डॉक्टरांनी लिबेकडे पाहिलं. लिबे म्हणाली, "हो."

त्या एका शब्दात ती फसली. कारण हे पहिलं नव्हतं.

लग्नाआधीच्या हिवाळ्यात चोमिन समुद्रावर गेला, आणि त्यानंतर लिबेच्या लक्षात आलं की आपल्याला दिवस गेलेत. कुणाला सांगणार? तो परत येईस्तोवर पोट लपणार नव्हतं, आणि गावाच्या तोंडाला झाकण बसणार नव्हतं. तिसऱ्या महिन्यात, जाळ्यांच्या गोदामात वाकून काम करता करता, ते आपणच गेलं. तिनं दात आवळले, पोटात कळ आलीय म्हणून घरी गेली, आणि तिसऱ्या दिवशी परत कामावर बसली. चोमिन आला, लग्न झालं, आणि सांगायचं ते राहून गेलं. आधी लाज होती, मग वाटलं, झालं गेलं, आता कशाला.

दुसरीही एक गोष्ट तिला ठाऊक होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी चोमिननं तिला हसत हसत सांगितलं होतं, की बोटीवर एकाचा हात यंत्रात सापडला तेव्हा बंदरातल्या इस्पितळात सगळ्यांची रक्तं तपासली, आणि त्याचं निघालं पॉझिटिव्ह. "आमाला, आईला, सांगू नकोस हं. ती मला जन्माला घातल्याचा दाखला परत मागेल." तेव्हा दोघं पोट धरून हसली होती.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे लिबेला रुफिनाकडून कळलं. आठवडाभरानं धक्क्यावर होशेपा सुनेच्या रक्ताची दवंडी पिटत होती, आणि रुफिनाला राहवलं नाही.

"कौतुक पुरे गं! माझंही तेच रक्त, आणि त्याच रक्तानं माझा दुसरा पोरगा मरता मरता वाचला. नवरा माझा पॉझिटिव्ह, गलिसियाचा. बिल्बाओत नेऊन पोराचं सगळं रक्त बदललं. कपडे बदलतात तसं!"

"तू परमुलखातला नवरा केलास, त्याला आम्ही काय करणार," होशेपा म्हणाली, आणि दुसऱ्या टोकाचं जाळं तपासायला निघून गेली.

ती लांब गेल्यावर लिबेनं हळूच विचारलं, "मग पहिला कसा काय वाचला तुझा?"

"अरेच्चा, बोलते की ही! पहिल्याला काही होत नसतं. पहिल्या वेळी आईचं रक्त नुसती ओळख करून घेतं, म्हणतं, बाई, हा कोण परका. मग दुसऱ्या वेळी ते उठतं. तिसऱ्या वेळी आणखी लवकर उठतं. आता म्हणे एक सुई निघालीय, पहिल्यानंतर लगेच टोचली की ओळख होतच नाही. माझ्या वेळी कुठली?"

"आणि पहिलं... समजा, पडलं असलं तर? लवकरच?"

"पडलं तरी ओळख व्हायची ती होते. का गं?"

"काही नाही. सहज."

त्या दिवसापासून लिबेच्या मनात जे भय शिरलं ते बाहेर निघेना. इतर बायकांना बाळाचं पहिलं हलणं जाणवतं तेव्हा त्या हसतात. लिबेला ते जाणवलं तेव्हा ती सुई खाली ठेवून भिंतीला टेकली. आत कुणीतरी आहे, आणि त्याला मारायला दुसरं कुणी नाही, आपलंच रक्त निघालंय, हा विचार तिला जेवताना गाठायचा आणि चर्चमध्ये गुडघे टेकल्यावरही सोडायचा नाही. सुई बोटाला टोचली की ती रक्ताचा थेंब उजेडात धरून बघत बसायची. तांबडाच होता, चारचौघांसारखा. त्यात काय दडलंय, हे त्याच्याकडे बघून थोडंच कळणार होतं? मध्येच तिनं जेवण कमी केलं. वाटलं, आपण अशक्त झालो तर आपलं रक्तही अशक्त होईल, उठणार नाही. होशेपानं ते पाहिलं आणि रोज तिच्या ताटात घेवड्याची उसळ दामटून वाढायला लागली. "खा! माझ्या नातवाला उपाशी मारतेस?"

मारतेस, हा शब्द ऐकला की लिबे ताट बाजूला सारायची.

सांगायचं कुणाला? डॉक्टर उर्किदींकडे एकटं जावं, तर त्यांच्या दवाखान्यात बसणारी बाई होशेपाची चुलतबहीण. दुपारी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत चढावर पोचलं असतं. चोमिनला सांगावं, तर त्याच्याशी बोलायची वाट एकच होती, रेडिओ. आणि बोटींचा रेडिओ बेर्मेओतलं घर न् घर ऐकायचं. संध्याकाळी स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता बायका दुसऱ्यांच्या नवऱ्यांची बोलणी ऐकत आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्यांना उत्तरं देत. पंधरवड्यातून एकदा त्या खरखरीतून चोमिनचा आवाज यायचा, "लिबे, कशी आहेस? पोट कसं आहे?" होशेपा कानात प्राण आणून शेजारी बसलेली, आणि पलीकडे अख्खं बंदर. लिबे म्हणायची, "बरं आहे." मग आवाज विरून जायचा आणि ती भांडी घासायला उठायची.

ती भित्री होती, असं आता म्हणणं सोपं आहे. पण विचार करा, ज्या घरात राहायचं, ज्या बाईच्या हाताखाली पोट भरायचं, तिलाच तोंडावर सांगायचं की तुमच्या मुलाचं रक्त चोख नाही आणि तुमची सून लग्नाआधी पोटुशी होती. आणि समजा सांगितलं, आणि होशेपानं विचारलं, ते मूल कुणाचं होतं म्हणून, तर? चोमिन दोन हजार मैलांवर. साक्ष कोण देणार? रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं. रोज संध्याकाळी ते उद्यावर जायचं. आणि मधल्या वेळात बाळ हललं की ती दोन्ही हात पोटावर ठेवून मनात त्याची माफी मागायची.

ऑगस्ट लागला. कुप्याच्या बोटी भरून येत होत्या, धक्क्यावर वासानं डोकं उठत होतं. आठवा महिना लागायला आला होता. एका सकाळी लिबे उठली आणि तिच्या लक्षात आलं, बाळ हललेलं नाही.

ती थंड पाणी प्यायली. डाव्या कुशीवर आडवी झाली, बोटांनी पोट दाबून पाहिलं. काही नाही. होशेपानं खालून हाक मारली म्हणून ती तशीच धक्क्यावर गेली, जाळं अंगठ्यात अडकवलं, आणि वाट बघत बसली. एक एक करून भोकं शिवत होती आणि प्रत्येक भोकाला म्हणत होती, आता हलेल. कानात नुसता भणभणाट होता. त्या भणभणाटातून होशेपाचा आवाज आला. ती पानचिकेला सांगत होती, "बघशील तू, दोन्हीकडून चोख! असं मूल या गल्लीत झालं नसेल."

लिबे उभी राहिली. जाळं अंगठ्यातून सुटलं.

"आमा, चोमिनचं रक्त पॉझिटिव्ह आहे."

"काय?"

"बोटीवर असताना तपासलं होतं. त्यानंच मला सांगितलं. तुम्हाला सांगू नको म्हणाला."

"माझ्या पोराचं रक्त तू मला सांगणार?" होशेपाचा चेहरा लाल झाला. "काल आलेली पोर—"

"आणि हे पहिलं नाही." आता थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही, हे लिबेला कळत होतं. "लग्नाआधी एक गेलं. तिसऱ्या महिन्यात. इथेच, गोदामात."

सगळ्या सुया थांबल्या.

"कुणाचं?" होशेपानं विचारलं.

"चोमिनचंच. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. घराबाहेर काढा. पण सकाळपासून बाळ हलत नाहीये, आमा." आणि तिला रडू फुटलं.

"अगं बये," रुफिना म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "म्हणून विचारत होतीस होय तेव्हा!"

लिबेला वाटलं, आता थोबाडीत बसणार. होशेपा जवळ आली. तिनं सुनेच्या पोटावर आपला खरखरीत हात ठेवला, जरा वेळ तसाच धरला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठच्या कुठे गेला. त्या जागी जे आलं ते पाहून लिबेला रागच बरा वाटला असता. होशेपा घाबरली होती.

"चपला घाल," ती म्हणाली. "रुफिना, तुझ्या भावाचा ट्रक निघाला का बिल्बाओला?"

ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी दोघी दाटीवाटीनं बसल्या. मागे बर्फातले कुपे, पायाखाली त्यांचं पाणी. घाट चढेपर्यंत होशेपा झगा पाण्यातून वर धरून बसली. मग समोर बघतच म्हणाली, "चोमिननंतर मला तीन झाली. तुला कुणी सांगितलंय?"

"पुसट ऐकलं होतं."

"पिवळी होती. चोमिन चांगला गुटगुटीत, आणि मग हे. पहिला संध्याकाळपर्यंत जगला. सुईणीनं घाईनं डोक्याला बाप्तिस्म्याचं पाणी लावलं, म्हणून त्याला दफनभूमीत जागा मिळाली. दुसरीला तेवढाही वेळ नव्हता. तिसरा आतच गेलेला. त्या दोघांना घराच्या वळचणीखाली पुरलं, बाप्तिस्मा न झालेल्यांना पुरतात तसं. पाऊस आला की मी उठून खिडकीत बसायची." तिनं नाक पुसलं. "गाव म्हणालं, होशेपाची कूस नासकी. बालेन्दिन म्हणाला, तुझ्या माहेरच्या रक्तातच काहीतरी खोट असणार. अशी वर्षं काढली मी. मग ती रक्तवाली मंडळी आली. मी सगळ्यांत आधी दंड पुढे केला. मला कळायला हवं होतं ना, काय खोट आहे ती. तर निगेटिव्ह निघालं. म्हणाले, बाई, हे तर चोख रक्त. तेव्हापासून कुणी बोलायची हिंमत केली नाही."

लिबे मनात जुळवत गेली. पहिलं गुटगुटीत. दुसरं जन्मून जातं, त्यापुढचं आणखी लवकर. रुफिनाचे शब्द तिला अक्षरन् अक्षर आठवत होते. होशेपा निगेटिव्ह, चोमिन पॉझिटिव्ह. म्हणजे बालेन्दिन... हे या बाईला आपण कसं सांगायचं? तेवढ्यात पुलावर ट्रक आदळला, आणि आत, अगदी हलकं, काहीतरी सरकलं. लिबेनं होशेपाचा हात घट्ट पकडला. होशेपानं तो सोडवला नाही.

बिल्बाओच्या इस्पितळातली डॉक्टरीण एचानिस बाई तरुण होती आणि घाईत होती. लिबेचं रक्त तपासलं. मग लांब सुई पोटात घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढलं. ते पिवळंजर्द होतं. ते बघून लिबेला कळलं.

"बाळाला आज बाहेर काढायचं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आत राहिलं तर वाचणार नाही. बाहेर आलं की त्याचं रक्त बदलू."

"माझंच अंग त्याला का मारतंय?" लिबेनं विचारलं. इतके महिने हा प्रश्न ती कुणाला तरी विचारायला टपली होती.

डॉक्टरीणबाई जायला निघालेली थांबली. खाटेच्या कडेला टेकली. "हे बघा, मूल सुरुवातीला मिठाच्या खड्याएवढंही नसतं. बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज एक होतं, एकाची दोन, दोनाची चार अशी फोड होत होत ते आठवडाभर आत तरंगत येतं आणि पिशवीच्या भिंतीत रुतून बसतं. ते अर्धं तुमचं, अर्धं परकं. अंगाचा नियम असा, की परकं दिसलं की हाकलायचं. साधा काटा रुतला तरी पू करून बाहेर काढतं ते. पण या एका पाहुण्याला ते जागा देतं, खाऊ घालतं, पहारा मागे घेतं. एवढी सूट अंग आयुष्यात दुसऱ्या कुणाला देत नाही. तुमच्याही अंगानं दिलीय. फक्त पहिलं गेलं तेव्हा त्याच्या रक्ताचे चार थेंब तुमच्या रक्तात मिसळले, आणि तुमच्या रक्तानं ते परके म्हणून ओळखून ठेवले. तुमचा गुन्हा नाही हा. सुई वेळेवर मिळाली असती तर टळलं असतं, एवढंच."

एवढंच. लिबेनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर तिला चाकांच्या खाटेवर आणून ठेवलं होतं. निगेटिव्ह रक्त हवं, आणि ते पुरेसं नाही, असं कुणीतरी म्हणालं मात्र, होशेपा बाही वर करून पुढे झाली.

"हे घ्या. हवं तेवढं घ्या. चोख आहे, पूर्वी तपासलेलं आहे."

थोडं रक्त काढून घेऊन गेले. होशेपा दंडावर कापूस दाबून लिबेशेजारी उभी राहिली, चेहऱ्यावर एवढ्या काळजीतही थोडा तोरा होता. मग डॉक्टरीणबाई स्वतः परत आली.

"तुमचं नाही चालणार, बाई."

"का नाही? निगेटिव्हच आहे ते!"

"आहे. पण सुनेच्या रक्तात जे बाळाला मारतंय, तेच तुमच्या रक्तातही आहे. तुमचं घातलं तर बाळ वाचायचं नाही." मग तिनं विचारलं, "तुम्हाला मुलं गेली होती का?"

होशेपानं मान हलवली. "वीस वर्षं होऊन गेली."

"रक्त विसरत नाही. तुमचे यजमान पॉझिटिव्ह असणार. मुलाचं रक्त त्यांच्याकडून आलं."

होशेपा भिंतीला टेकली. कापूस हातातून पडला आणि दंडावरून रक्ताची बारीक रेघ कोपरापर्यंत आली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. लिबेला खाटेवरून उठता येत नव्हतं. तिनं हात लांब करून सासूच्या झग्याचं टोक पकडलं.

"म्हणजे कूस नासकी नव्हती," होशेपा म्हणाली.

"नाही, आमा."

"आणि माहेरची खोटही नव्हती."

"कुणाचीच नव्हती."

"मीच ना पण? माझ्याच रक्तानं. ज्याची मी एवढी..." ती खाली वाकली आणि लिबेच्या कपाळावर कपाळ टेकवून, धक्क्यावरच्या कुणी कधी ऐकलं नसेल असं, आवाज न करता रडली. लिबेला भूल द्यायला नेलं तेव्हाही तिच्या कपाळाला ते ओलं लागलेलं होतं.

मागून कुप्यांच्या दुसऱ्या ट्रकमधून रुफिना आणि बाकीच्या बायका येऊन थडकल्या. रुफिनाचं रक्त चालेना, तिचंही तेच दुखणं. चाललं ते पानचिकेचं. जिला नवरा नाही, मूल नाही म्हणून सगळ्यांनी इतकी वर्षं टोचून खाल्लं, तिच्याच रक्ताला कुणा परक्याची ओळख नव्हती. ती बिचारी दंड दाबत म्हणाली, "काढा आणखी. मला काय करायचंय त्याचं."

मुलगी झाली. हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी, आणि रडायचंही बळ नसलेली. तिचं रक्त एकदा बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलावं लागलं. पहिल्या आठवड्यात लिबे काचेच्या पेटीसमोर बसून राहायची, श्वास मोजायची, आणि मोजता मोजता स्वतःचा घ्यायला विसरायची. होशेपानं पहिल्याच तासाला नर्सकडून पाणी मागून पोरीच्या डोक्याला लावून घेतलं होतं. काही झालंच तर हिला वळचणीखाली ठेवावं लागू नये, एवढीच त्या वेळी तिची आशा होती. पण पोरगी चिवट निघाली. पिवळेपणा उतरला, आणि एके दिवशी ती इतकी कर्कश रडली की रुफिना म्हणाली, हिला धक्क्यावर माझ्या जागी बसवा.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईनं लिबेला बाजूला घेऊन सांगितलं, की यापुढच्या मुलावर हे रक्त याहून लवकर उठेल आणि ते वाचणार नाही. अंग शिकलं ते शिकलं. लिबेनं ते ऐकून घेतलं आणि पोरीला आणखी आवळून धरलं.

चोमिन सप्टेंबरच्या अखेरीस आला. रेडिओवर त्याला फक्त मुलगी झाल्याचं कळलं होतं. त्यानं बूटही काढले नाहीत, पोरीला दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरलं, आणि इतका आनंदला की लिबेला वाटलं, याला लगेच काही सांगू नये.

"वा गं माझी राणी! आता पुढच्या खेपेला हिला भाऊ आणू."

लिबे मनात म्हणाली, झालं, पुन्हा तेच. पुन्हा मान डोलवायची, पुन्हा दिवस जायचे, पुन्हा ते पोटावर हात ठेवून वाट बघणं, आणि या वेळी शेवट ठरलेला. नवऱ्याला हवं, चर्चला हवं, शेजारणी विचारणार. कुणाकुणाला नाही म्हणणार होती ती?

"नाही," होशेपा म्हणाली. ती चुलीपाशी कांदा चिरत होती आणि तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"काय नाही, आमा?"

"भाऊ नाही. बहीण नाही. ही एक आहे ती पुरे. का ते हिच्याकडून नीट ऐक, बसून."

"आमा, हे आमच्या दोघांचं आहे. त्यात तू कोण—"

आता ती वळली. सुरी हातात तशीच. "मी कोण? तुझ्यानंतर मला कुणीतरी पुरे म्हणायला हवं होतं, चोमिन. डॉक्टर म्हणाला नाही. पाद्री म्हणाला नाही. तुझा बाप तर नाहीच, आणि माझी सासू रोज विचारायची, परत कधी? तिघांना पुरलं मी, तरी कुणाच्या तोंडून तो शब्द निघाला नाही." तिचा आवाज फाटला. "म्हणून या घरात तो मी म्हणतेय. पुरे. आणि कुणी हिला विचारायला आलं, तर त्याला माझ्याकडे पाठव."

चोमिननं बायकोकडे पाहिलं. लिबे म्हणाली, "मला तुला बरंच सांगायचंय." आणि ती बोलायला लागली. चोमिन पोरीला मांडीवर घेऊन बाकावर बसला, आणि होशेपानं पुन्हा कांदा चिरायला घेतला.